देवीपुढची गोळी

मी रक्तदाब मोजणारं एक जुनं, पाऱ्याचं यंत्र आहे, मित्रांनो. पत्र्याची पेटी, काचेची नळी आणि दंडाला गुंडाळायचा पट्टा, एवढाच माझा संसार. एकोणीसशे ब्याण्णव साली मी पंचवटीत, सुमेधाताई डॉक्टरांच्या दवाखान्यात आलो आणि माणसं मोजू लागलो. "मिठाला हातसुद्धा लावत नाही," असं तोंड सांगायचं, तेव्हा माझा पारा लोणच्याच्या बरणीची चुगली करायचा!

दसऱ्याच्या आदल्या दिवसाची एक दुपार मात्र विसरत नाही. मखमलाबादच्या मळ्यात झेंडू तोडताना लंकाबाईंचा घोळणा फुटला. घरच्यांनी मान मागे केली, डोक्यावर पाणी ओतलं, कांदा फोडून हुंगवला. नाकातलं रक्त थांबेना. शेवटी त्यांच्या नवऱ्याने, गोटीरामभाऊंनी, फुलांच्या टेम्पोतूनच त्यांना आणलं.

"उष्णता हाय, दुसरं काय नाय," भाऊ म्हणाले.

"आधी मान पुढे करा! रक्त घशात उतरतंय." ताईंनी नाकाचा मऊ भाग चिमटीत घट्ट धरला. "तोंडाने श्वास घ्या."

पट्टा आवळला. पारा दोनशेच्या वर! मलाच धडकी भरली.

"घाबरल्यानेही दाब चढतो. परत बघू," ताई म्हणाल्या. काही वेळाने चिमटी सोडली, तर पुन्हा लाल धार. पुन्हा धरली. भाऊंचा चेहरा पांढरा पडला. बऱ्याच वेळाने रक्त थांबलं, पण पारा उतरायचं नाव घेईना.

"दाबाची गोळी घेताय ना?"

लंकाबाई छताकडे बघू लागल्या. "नवरात्र हाय ना, बाई. गोळीनं उपास मोडतो."

"आन् खाऱ्या चिवड्यानं नाय मोडत?" भाऊ उसळले.

"आणला कोणी?" लंकाबाईंनी उलट विचारलं.

ताई हसल्या नाहीत. "रक्त दाबामुळेच आलं, असं मी म्हणत नाही. पण दाब एवढा असला की ते लवकर थांबत नाही. आज नाकातून आलं म्हणून दिसलं. डोक्यातली शीर फुटली असती तर?"

ताईंनी गोळी पुढे केली. लंकाबाईंनी ती कपाळाला लावली आणि गिळली. दिवेलागणीला पारा उतरू लागला, तेव्हा कुठे भाऊ खाली टेकले.

पुढच्या नवरात्रात त्या स्वतःहून दाब मोजायला आल्या. "आता गोळी आधी देवीपुढं ठेवते. परसादाला नाय कशी म्हणू?"

आता माझ्या जागी बटणाचं यंत्र आलंय, मी कपाटात. तक्रार नाही. फक्त, मित्रांनो, घरात कुणी दाबाची गोळी घेत असेल, तर सणावारी आठवणीने विचारा, "आज घेतली का?" उत्तर देणारं माणूस छताकडे बघू लागलं, तर पाण्याचा पेला घेऊन समोर उभे राहा. तेवढं ओळखायला पारा लागत नाही.