गिरणी काय खाते

माझी बायको शांतम्मा गेल्याची तार सोलापूरहून आली तेव्हा मी सेलूला दुकानात होतो. ऑपरेशननंतर ती बरी दिसली, म्हणून तिच्या भावाजवळ ठेवून मी परतलो होतो. पोस्टमनने तारेसोबत एका कंपनीचा वार्षिक अहवालही दिला. तो तिच्या नावाचा होता.

अहवाल घरपोच यावेत म्हणून तिने बऱ्याच कंपन्यांचा एकेक शेअर घेतला होता. जुन्या लुगड्यांचे बस्ते शिवून त्यांत ती धंद्याप्रमाणे अहवाल बांधायची. पांढऱ्यात कापसाच्या गिरण्या, पिवळ्यात तेलाच्या, हिरव्यात साखर. कापसाचे दलाल बन्सीधर हंगामाआधी येऊन पांढरा बस्ता सोडायला लावत आणि विक्री वाढत असलेल्या गिरणीकडे कापसाचा नमुना पाठवत.

ती गेल्यावर महिन्याने ते आले.

"आप्पा, काकूंचे बस्ते रद्दीत घालू नका. आमी कुठं जावं?"

"मला ते जमत न्हाई."

"निदान पांढरा तरी सोडा."

तारेच्या दिवशीचा अहवाल मी तोवर फोडलाही नव्हता. फोडला. गोदातीर कॉटन मिल. विक्री बरीच वाढलेली. मी तो पांढऱ्यात ठेवला.

"ही गिरणी लय वाढलीय," मी म्हणालो.

"मग उद्याच नमुना लावतो रेल्वेनं."

ते गेल्यावर बस्ता बांधताना शांतम्माचं आठवलं. नवा अहवाल आला की ती आधी विचारायची, "हे काय खातंय?" गिरणीचं नाव ती शेवटी बघायची. कच्चा माल कोणता लागला ते पान आधी काढायची.

मी ते पान शोधलं. कापूस नावापुरता उरला होता. बाकी सगळं नायलॉनचं सूत.

सकाळी जिनिंगवर गेलो. बन्सीधर नमुन्याची पिशवी शिवून घेत होते.

"थांबा. ती गिरणी आता कापूस खात न्हाई. नायलॉन खाती."

त्यांनी सुई थांबवायला सांगितली. "नाव कापसाचं अन् ताटात नायलॉन? अन् जमत न्हाई म्हणणारे तुमीच का, आप्पा?"

"काल माझं चुकलंच होतं की."

"चुकलं, पर पिशवी जायच्या आत आलात. आता बाकीच्यापण बघा. चहा सांगतो."

घरी येऊन पांढरा बस्ता पुरा सोडला. नाव कापसाचं आणि खाणं दुसरंच, अशा आणखी दोन गिरण्या निघाल्या. नवीन अहवाल आता मीच फोडतो, ते पान आधी काढतो. बन्सीधर येतात, चुकलं तर हसतात.

या तीन गिरण्या वेगळ्या ठेवल्या आहेत. त्यांच्या बस्त्यासाठी शांतम्माची निळी साडी काढली आहे. ती अजून कापलेली नाही.