एकहाती वापरलेली गाडी

इंजिन गरम होतं.

मी तळहात टेकवला आणि पटकन मागे घेतला. आईकडे बघितलं. तिनं भुवया उंचावल्या. घरून निघतानाच ठरलं होतं, काही खटकलं तर डोळ्यांनी बोलायचं. आपण आपापसात कुजबुजलो की विकणारा सावध होतो, हे आईचं मत.

"काका, आधीच चालू केली होती का?"

"हो, तासाभरापूर्वी," काटेवाले म्हणाले. "सकाळी पहिल्यांदा जरा कुरकुर करते ती. तू येणार, सोबत आई येणार. म्हटलं, पाहुण्यांसमोर तमाशा नको."

आता हे बघा. थंड गाडी चालू होत नाही हे लपवायला विकणारे ती आधीच गरम करून ठेवतात, एवढं मला माहीत होतं. पण गरम करून ठेवायची आणि वर कारणही सांगून टाकायचं, हे नवीन होतं. मला वाटलं, माणूस पोचलेला आहे. छोटं खरं सांगून मोठं काहीतरी दडवतोय.

असं वाटायला कारण होतं. तीन वर्षांपूर्वी माझ्याच वर्गातल्या मित्रानं एक मोटरसायकल माझ्या गळ्यात मारली. "तुझ्यासाठी म्हणून देतोय." चौथ्या महिन्यात भर चौकात वळताना चासी, म्हणजे अख्खा सांगाडाच, मधोमध मोडली. आत जुनं वेल्डिंग, वरून नवा रंग. मी गुडघ्यांवर, गाडी दोन तुकड्यांत, मागे लोक हॉर्न वाजवतायत. तेव्हापासून कुणी गोड बोललं की मला आधी वेल्डिंग दिसतं.

आणि या वेळी चुकून चालणार नव्हतं. मी पाण्याचे मीटर तपासतो. तळघरातली खोली, एक लांब टेबल, नळ्या, बादल्या. लोकांच्या घरचे मीटर येतात, मी पाणी सोडतो, आकडा बरोबर फिरतो का बघतो. सहा वर्षं झाली. उन्हाळा आला की पावसाळा, हे मला लोकांच्या बुटांवरून कळतं. आता बाहेरची जागा निघाली होती. लांबलांबची पंपिंग स्टेशनं, धरणाच्या पायथ्यापर्यंत, महिन्यातले वीस दिवस दौरा. साहेब म्हणाले, "दणकट गाडी असेल स्वतःची, तर सोमवारी येऊन सांग. नाहीतर मी दुसऱ्याला पाठवतो." दुसरा म्हणजे आमच्या ऑफिसातला एक बडबड्या. त्याच्या सासऱ्यांनी त्याला जीप दिलेली. तो गेला असता तर मी त्याच टेबलावर निवृत्त झालो असतो, हे मला स्वच्छ दिसत होतं.

नवी मोठी गाडी झेपणारी नव्हती. आणि ही जाहिरात दिसली. 'लांब पल्ल्याची मोटरसायकल. अठरा वर्षं जुनी. एकहाती वापरलेली.'

काटेवाले हे त्यांचं नाव नव्हे, धंदा. आयुष्यभर त्यांनी वजनकाटे दुरुस्त केले. दुकानातले छोटे, कारखान्याबाहेरचे अख्खा ट्रक मोजणारे मोठे. या गाडीच्या दोन्ही बाजूंच्या पेट्यांत प्रमाणित वजनं भरायची आणि गावोगाव फिरायचं. घरात शिरलो तेव्हा हॉलमध्ये सोफा एक आणि काटे नऊ. आई त्यातल्या एकावर उभी राहिली, गंमत म्हणून.

"अगं बाई. हा दोन किलो जास्त दाखवतोय."

"नाही ताई. घरचा दोन किलो कमी दाखवतो," काटेवाले म्हणाले.

आई उतरली ती नाराज होऊनच.

मी गाडीभोवती फिरलो. पुढून, मागून, पाठीवर झोपून खालून. वेल्डिंग शोधत होतो. सापडेना. चेन स्वच्छ. तारा नीट बांधलेल्या, प्रत्येकीवर चिठ्ठी. सीट दोनदा शिवलेली, पण शिलाई अशी की आईनंही बोट फिरवून बघितलं. मला बरं वाटायला हवं होतं. मला वाटलं, एवढी टापटीप? नवरी मुलगी दाखवायच्या दिवशीच एवढी टापटीप असते.

"एवढी चांगली आहे तर विकताय कशाला?" आईनं विचारलं. हा तिचा हुकमी प्रश्न. भाजीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांना लागू.

"वापर होत नाही आता."

"का होत नाही?"

"नाही होत," ते म्हणाले आणि फडकं झटकायला लागले.

आईनं डोळ्यांनी मला सांगितलं, इथे काहीतरी आहे.

मग मी एक चक्कर मारून आलो. मोठ्या रस्त्यानं, पुलापर्यंत. खरं सांगू? पुलावर मला माझं वय आठवेना. गाडी हाताखाली अशी शांत चालत होती, जसं काही तिला पुढचं सगळं माहीत आहे. समोरच्या काचेमुळे वारा डोक्यावरून जात होता. मी मोठ्यानं काहीतरी ओरडलो, काय ते सांगत नाही. परत वळलो तेव्हा मात्र घाबरलो. आवडली होती. मागची पण अशीच आवडली होती.

"काय म्हणते?" काटेवाल्यांनी विचारलं. डोळे चमकत होते त्यांचे. "दौऱ्यावर जाणार ना तू? मग तुला सगळं सांगतो. कुठल्या वळणावर खडी पसरलेली असते, कुठला पेट्रोलवाला भेसळ करतो, कुणाच्या ओसरीवर रात्री पथारी टाकता येते. माझं नाव सांगायचं फक्त. हे बघ, ही वही. हिच्यात गाडीचं सगळं आहे, पहिल्या दिवसापासून."

जाड वही होती. मी मोबाइल काढला आणि एकेका पानाचा फोटो काढत गेलो. वाचलं काहीच नाही. पुरावा म्हणून घेत होतो. ते वही धरून उभे राहिले, मी पान उलटलं की अंगठ्यानं दाबून ठेवायचे, फोटो हलू नये म्हणून.

मग मी खिशातून भिंग काढलं.

हे माझं क्षेत्र. जुन्या गाडीच्या किलोमीटरच्या आकड्यात आणि पाण्याच्या मीटरमध्ये फार फरक नसतो. आत आकड्यांची छोटी चाकं, एकापुढे एक. हात न लागलेली चाकं एका रेषेत असतात. कुणी उघडून फिरवली की कितीही नीट बसवा, एखादं केसभर वर-खाली राहतंच. तळघरात मी असे शेकडो पकडलेत. बिल कमी यावं म्हणून लोक मीटर मागे घेतात आणि वर माझ्यासमोर शपथा खातात.

त्र्याऐंशी हजार नऊशे सात. दुसरं चाक केसभर खाली होतं. आणि मीटरच्या मागच्या स्क्रूच्या खाचेत ओरखडा.

म्हणजे सापडलं होतं.

"काका, मीटर उघडलंय."

"हो."

"आकडा फिरवलाय."

"फिरवलाय," ते म्हणाले. सरळ. जसं कुणी विचारावं, चहात साखर घातली का.

"कितीनं?"

"एकोणीस हजार चारशे बारा."

"बघा!" आई डोळ्यांची भाषा विसरली. "स्वतःच्या तोंडानं सांगतायत!"

"अहो ताई, त्याचं असं झालं... वहीत लिहिलंय सगळं, तू जरा..."

"वही काय काका," मी म्हणालो, "घरी बसून कुणीही लिहितं."

हे वाक्य मी मुद्दाम लावून बोललो. चौकात गुडघ्यांवर पडलो होतो त्या दिवसापासून ते माझ्याकडे तयारच असावं, फक्त माणूस चुकीचा मिळाला. पण ते मला नंतर कळलं.

काटेवाल्यांनी वही मिटली. पानं सरळ आहेत का ते कडेनं बघितलं. मग म्हणाले, "फोनवर तुम्हाला रविवारपर्यंत थांबायचा शब्द दिलाय. विचार करा."

घरी जाताना आम्ही दोघं फुशारलेलो. आई म्हणत होती, तुझ्या भिंगाचं मला आधी हसू यायचं. मी म्हणत होतो, मी उगाच सहा वर्षं तळघरात नाही घालवली. कोपऱ्यावर उसाचा रसही प्यायलो.

पेले परत करताना आठवलं, गाडी गेली होती. सोमवार तर जागच्या जागी होता.

जेवण झाल्यावर मी मोबाइलवर वहीची पानं काढली. आणखी काय काय खोटं लिहिलंय ते बघू म्हणून. म्हणजे मनाला बरं वाटेल. आई शेजारी बसून गणवेशाला बटण लावत होती. ती दवाखान्यात वॉर्डची सिस्टर आहे, तिचं बटण कायम पोटावरचंच तुटतं.

सुरुवातीची पानं साधी. तारीख, ऑइल, टायर, आकडा. तीस हजार. पंचेचाळीस हजार. मग एकसष्ट हजार दोनशे आठ. पुढच्या सर्व्हिसिंगला पुन्हा एकसष्ट हजार दोनशे आठ. त्याच्या पुढच्याला पुन्हा तेच.

"चल, सापडला," मी म्हणालो. "गाडी जागेवर उभी राहून ऑइल पीत होती वाटतं."

खाली बारीक अक्षरात होतं: 'मीटरची केबल तुटली. जुन्या मॉडेलची मिळत नाही. तोवर फिरलेलं अंतर वहीच्या शेवटच्या पानांवर लिहीत आहे.' आणि मग पानंच्या पानं. गावाच्या नावाचं पहिलं अक्षर, जाताना किती, येताना किती. रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडांवरून मोजलेलं. एका ठिकाणी लिहिलं होतं, 'वाट चुकलो. सहा किलोमीटर जास्त.' दुसऱ्या ठिकाणी, 'पाऊस. दगड दिसला नाही. परत जाऊन बघितला. चार.' पावणेदोन वर्षं हे चाललेलं.

शेवटी एक बेरीज. एकोणीस हजार चारशे बारा. आणि खाली: 'केबल मिळाली. मेकॅनिकला सांगून आकडा पुढे घेतला. आता बरोबर आहे.'

मी फोन खाली ठेवला.

"काय रे?" आईनं विचारलं.

"त्यांनी आकडा वाढवला, आई."

"म्हणजे कमी नाही केला?"

"नाही."

"वाढवतं का कुणी?" ती म्हणाली. "अरे, विकताना नुकसान नाही का त्यात?"

सहा वर्षांत शेकडो मीटर पकडले, पण प्रत्येक वेळी गृहीत धरलं की हात घातलाय म्हणजे मागेच घेतलाय. चाक केसभर खाली आहे एवढंच भिंगातून दिसतं. कुठल्या बाजूनं आलं ते दिसत नाही. मी विचारलं होतं, कितीनं. पुढे की मागे, हे विचारायचं राहूनच गेलं.

आईनं दोरा दातानं तोडला. "मला एक दिसलं होतं तिथे."

"काय?"

"अंगणातून आत येताना त्यांची उजवी चप्पल मागे निसटून राहिली. तो माणूस तसाच चार पावलं चालला. खडीवरून. कळलंच नाही त्याला. पाय बधिर झालाय. असा पाय टेकून एवढी जड गाडी सिग्नलला तोलणार कशी? म्हणून विकतोय."

"मग तिथेच का नाही बोललीस?"

"मला वाटलं, काहीतरी लपवतोय. लपवत होताच ना," आई म्हणाली. मग बराच वेळ सुईत दोरा ओवत बसली, बटण लावून झालेलं असताना.

रविवारी मी एकटा गेलो. वाटेत वाक्यं जुळवत होतो. दार त्यांनी लगेच उघडलं.

"काका, वही वाचली मी."

"बरं."

"माझं चुकलं. मी असं बोलायला नको होतं."

"गाडी हवीय का?" त्यांनी विचारलं.

"हवीय."

"मग बसा. कागद करून टाकू. काल संध्याकाळी एक जण येऊन गेला, त्याला सांगितलं की आज संध्याकाळपर्यंत थांब."

मी खुर्चीच्या कडेवर बसलो. त्यांनी कागद आधीच भरून ठेवले होते, फक्त माझं नाव घालायचं राहिलं होतं. बोट ठेवून सह्या कुठे करायच्या ते दाखवलं. मग मला गाडीपाशी नेलं. "आकडा बघा आणि तुमच्या हातानं लिहा. माझ्या नको." मी लिहिला. माझं अक्षर इतकं वाईट कधीच आलं नव्हतं.

"काका, ते रस्त्यांचं तुम्ही सांगणार होतात. खडी वगैरे."

"रस्त्यावर पाट्या आहेत," ते म्हणाले. रागानं नाही. खरंच आहेत, अशा आवाजात.

मी हेल्मेट हातात घेऊन उभा राहिलो. "आईनं सांगितलंय, पाय एकदा दाखवून घ्या."

ते पहिल्यांदा थांबले. खाली पायांकडे बघितलं, जसं दुसऱ्या कुणाचे असावेत.

"दाखवलाय, म्हणावं. त्यांना सांगा, विचारल्याबद्दल आभार."

किल्ली दिली. दोन होत्या, दोन्ही दिल्या. मी गाडी ढकलत फाटकाबाहेर नेली. एकट्यानं ढकलायला फार जड गेली. ते मागून हात लावतील असं मला उगाचच वाटत होतं. मागे बघितलं तर ते बादली आणि ब्रश घेऊन येत होते. गाडी अठरा वर्षं जिथे उभी राहायची तिथे फरशीवर ऑइलचा काळा डाग पडला होता.

"राहू द्या काका, मी घासून देतो."

"तुमची गाडी रस्त्यात उभी आहे," ते म्हणाले. "मागून कुणी येईल. काढा."

मी चालू केली. निघालो. वळणापर्यंत आरशात बघत होतो. ते भिंतीला धरून सावकाश गुडघ्यांवर बसले, पाणी ओतलं, आणि दोन्ही हातांनी ब्रश दाबून घासायला लागले. डागाच्या एका कडेपासून, ओळीनं.