सोवळ्यातला कंपायलर

मेलबर्नच्या आमच्या विभागात डेस ट्रेलोअर नावाचा प्राध्यापक कडक सोवळं पाळायचा. खाण्याचं नव्हे, खिमा भरलेला मीट पाय तो भर मीटिंगमध्ये सॉस ओघळवत खायचा. सोवळं भाषेचं. तर्कशास्त्रावर बेतलेली एक प्रोग्रॅमिंगची भाषा त्यानं काढली होती. तिचा कंपायलर, म्हणजे तिच्यातलं लिखाण यंत्राला समजावून देणारा प्रोग्रॅम, तिच्यातच लिहिला होता. सी या सगळीकडे चालणाऱ्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेचं नाव काढलं की त्याच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या.

पण अशा कंपायलरला पहिल्यांदा उभं करायला दुसरं कुणीतरी लागतं. ते काम सीमध्ये लिहिलेल्या एका जुन्या कंपायलरनं केलं होतं. नवा चालू लागताच डेसनं जुन्याच्या निरोपासाठी बिअर आणि लॅमिंग्टन केक मागवले.

"डेस, असू द्या ना तो," मिरेला कोस्तोव्स्का म्हणाली. ही त्याची पीएचडीची विद्यार्थिनी.

"कुबड्या जपून ठेवतं का कुणी?" असं म्हणत त्यानं जुना कंपायलर सगळ्या प्रतींसकट पुसला. विभागातल्या होयबांनी ग्लास उंचावले.

पुढच्याच आठवड्यात त्यानं नव्यात एक सुधारणा केली. आमच्यात रीत अशी, की सुधारलेल्या कंपायलरनं स्वतःला पुन्हा घडवायचं, त्या घडलेल्यानं आणखी एकदा, आणि दोन्ही तंतोतंत सारखे निघाले तरच आधीचा टाकायचा. डेसनं आधीचा थेट टाकून दिला.

"ताडून पाहिलंत?" मिरेलानं विचारलं.

"सिद्धता फळ्यावर आहे. ताडून बघतात ते सीवाले."

सिद्धता बिनचूक होती. टाइप करताना मात्र साहेबांनी एक अट उलटी घातली होती. आता कंपायलरला काहीही द्या, उत्तर "नाही". त्याचं स्वतःचं लिखाण दिलं तरी "नाही". लिखाण सगळं शाबूत होतं, पण ते यंत्राला समजावणारं कुणी उरलं नव्हतं. इतकी अक्कल खर्चून केलेला गाढवपणा मी दुसरीकडे पाहिला नाही.

मिरेलाचा प्रबंध याच कंपायलरवर उभा होता आणि शिष्यवृत्ती संपत आली होती. तिनं बाकीचं काम बाजूला सारून सीमध्ये एक छोटा कंपायलर लिहिला, त्याच्या जोरावर डेसचा पुन्हा उभा केला, आणि त्यावर प्रबंधात एक प्रकरण घातलं.

"ही प्लंबरची कामं," डेस म्हणाला. "हे प्रकरण राहिलं तर मी सही करणार नाही."

तिनं ते काढलं. प्रबंध लंगडा झाला. माझ्या तोंडात डेससाठी जे शब्द आले ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

मग सिडनीच्या परिषदेत तो छाती फुगवून म्हणाला, "आमच्या कंपायलरला सीचा स्पर्शही नाही."

"मग उभा कशानं केलात?" ब्रॉन मॅकस्विनी बाईंनी विचारलं. त्या मिरेलाच्या प्रबंधाच्या परीक्षक.

"तो किरकोळ तपशील आहे."

"तो तपशील मी लिहिलाय," मिरेला जागेवरून म्हणाली. "सीमध्ये. प्रबंधातून काढायला लावलाय."

बाईंनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं. "ते प्रकरण आज पाठव मला. बाकीचं सावकाश वाचेन."

डेस पुढची स्लाइड शोधत राहिला.