सत्तावीस मार्चचा ठसा

राग माझ्या नाकावर असतो, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. दादा तर लोकांना माझ्यासमोरच सांगतो, तिला बोलू द्या, वाफ गेली की गप्प बसेल. तेव्हा त्या शनिवारी काय झालं ते क्रमानेच सांगते. कुणावर रागवायचं ते तुम्ही ठरवा.

आमचं इंजिनकामाचं वर्कशॉप आहे. बाबांच्या मागे ते दादा आणि मी चालवतो. बोअरिंग, म्हणजे सिलिंडर कोरणं, माझ्याकडे; ग्राइंडिंग, म्हणजे घासून सपाट करणं, दादाकडे. मध्यंतरी बाबांचं जुनं बोअरिंग मशीन विकून टाकायचं दादाच्या मनात आलं. मी नाही म्हणाले. तेव्हापासून आठ महिने आम्ही एकमेकांशी फळ्यावर खडूने बोलत होतो. तो लिहायचा, 'चार नंबरचा ब्लॉक दुपारी हवा.' मी खाली लिहायची, 'मिळेल.' सख्खी भावंडं, दहा फुटांवर उभी, आणि मधे फळा. कामगार हसायचे, आणि बरोबरच होतं त्यांचं.

आता मावशी. आईची धाकटी बहीण, एकतीस वर्षं शाळेत शिकवलेलं, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. राहते तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. महिन्यातून एकदा खाली उतरते, तेही डॉक्टरकडे जायला, आणि परत चढताना प्रत्येक मजल्यावर दहा मिनिटं बसते. काकांनी, म्हणजे तिच्या यजमानांनी, मागे ठेवलेली एकच मोलाची वस्तू म्हणजे खालच्या गॅरेजमधली लाल, दोन सीटांची स्पोर्ट्स कार. ती विकायची आणि पलीकडच्या गल्लीतलं तळमजल्याचं घर घ्यायचं, असं तिनं ठरवलं होतं. घरमालक महिनाअखेरपर्यंत थांबायला तयार झाला होता.

गिऱ्हाईक होता एक दातांचा डॉक्टर. असल्या जुन्या गाड्या जमवणारे लोक गाडी घेत नाहीत, कुंडली घेतात. इंजिन गाडीच्या जन्मापासूनचंच हवं. त्यानं मावशीकडून तसं लिहून घेतलं. तिनं स्वच्छ अक्षरात लिहून दिलं की इंजिन मूळचंच आहे, कधी बदललेलं नाही, आणि खाली सही केली. शब्दाला पक्की बाई. तरी डॉक्टर म्हणाला की शनिवारी माझा माणूस येऊन तारखा तपासेल.

तारखांचं गणित सोपं आहे. ब्लॉक, म्हणजे इंजिनाचं लोखंडी धड, ओतला त्या दिवसाची तारीख त्याच्या कुशीवर उठावाच्या अक्षरात येते, ती कुणाला बदलता येत नाही. इंजिन जुळवलं की कारखान्यात ब्लॉकच्या वरच्या कडेला, एका बोटभर पट्टीवर, पंचाने नंबर आणि तारीख ठोकतात. मग ते इंजिन गाडीत बसतं आणि गाडी पुरी झाल्याची तारीख दाराजवळच्या पत्र्यावर येते. आधी ओतणं, मग जुळवणं, मग गाडी. मधे दोन-तीन आठवडे जातातच. काकांच्या गाडीचा ब्लॉक नऊ मार्चचा, इंजिन सत्तावीस मार्चचं, गाडी अठरा एप्रिलची. सगळं जागच्या जागी.

पण दोन वर्षांपूर्वी त्या इंजिनात तेलात पाणी उतरलं होतं. ब्लॉकचा वरचा भाग खराब झाला होता, तो घासून सपाट करावा लागला. घासला की पट्टीवरचे आकडेही जातात. म्हणून बाबांची शिस्त होती. ब्लॉक मशीनवर चढवण्याआधी पट्टीवर पातळ कागद ठेवायचा, पेन्सिल आडवी फिरवायची आणि आकड्यांचा ठसा उठवून घ्यायचा. खाली मालकाची सही, आपली सही, कामाची तारीख. काकांच्या इंजिनाचा ठसा मीच घेतला होता. काकांची सहीही होती. पुढच्याच महिन्यात ते गेले. त्या शनिवारी तो कागद मी पर्समध्ये घालून नेला. पट्टी कोरी, कागद हातात, आणि ओतीव तारीख जुळणारी. तपासणाऱ्या माणसाला एवढं पुरतं.

तपासनीस वेळेवर आला. बारीक, शांत, गळ्यात भिंग. मावशी खाली उतरून आली होती, पंचवीस मिनिटं लागली तिला. मी तिला खुर्ची दिली, पण ती भिंतीला हात लावून उभीच राहिली. गाडी आपली आहे, उभं राहिलं पाहिजे, असं काहीतरी तिच्या मनात असावं. दादा दाराशी होता. डॉक्टर मोबाइलवर.

तपासनिसाने बॉनेट उघडलं, फडक्याने पट्टी पुसली आणि भिंग लावलं. मी बाजूने डोकावले आणि तळपायाची आग मस्तकात गेली. पट्टी कोरी नव्हती. तिच्यावर इंजिनाचा नंबर होता आणि पुढे तारीख होती, अठरा एप्रिल.

मला काही विचारावं लागलं नाही. असं काम तिथे माझ्याखेरीज एकच माणूस करू शकत होता. कोरी पट्टी बरी दिसणार नाही, म्हणून दादाने आपल्या बुद्धीने पंच घेतला आणि ठोकून मोकळा झाला. नंबर मिळाला गाडीच्या पुस्तकात. जुळवणीची तारीख पुस्तकात नसते, म्हणून दाराच्या पत्र्यावरची घेतली. म्हणजे इंजिन जुळवलं त्याच दिवशी गाडी तयार! वीस वर्षं या धंद्यात काढलेल्या माणसाने ही चूक करावी? खरी तारीख माझ्या कपाटात पडली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा. विचारायला तोंड नव्हतं तर फळ्यावर लिहायचं होतं. पण नाही. मशीनवरून रुसलेला भाऊ बहिणीला तारीख कसा विचारणार?

तपासनीस सरळ उभा राहिला. मावशीला म्हणाला, शिक्का नवा आहे. कारखान्याच्या पट्टीवर सरळ रेघा असतात, इथे ग्राइंडरच्या गोल रेघा आहेत, आणि तारीख तर अशक्य आहे. मग त्यानं विचारलं, इंजिन कधी बदललं?

मावशी म्हणाली, बदललं नाही.

त्यानं पुन्हा विचारलं, जरा सावकाश, कमी ऐकू येणाऱ्यांना विचारतात तसं. ती पुन्हा नाही म्हणाली. मी दादाकडे बघितलं. तो तोंडात मिठाची गुळणी धरून उभा. बोल की, मी मनात म्हटलं. चूक तुझी, तोंड तुझं, बोल. त्यानं बूट बघितले, शटर बघितलं, पुन्हा बूट बघितले.

डॉक्टरने तेवढ्यात मावशीने लिहून दिलेला कागद उघडला आणि मोठ्याने वाचला. शेवटी सहीवर बोट ठेवलं. तपासनीस समजुतीच्या सुरात म्हणाला, "आजी, कदाचित तुम्हाला माहीत नसेल. यजमानांनी तुम्हाला न सांगता काही केलं असेल."

मावशी त्याच्याकडे वळली. ती म्हणाली, "ते मला न सांगता चहासुद्धा घेत नसत."

डॉक्टर हसला. त्या हसण्याने माझं डोकं फिरलं. मी दादाचं नाव घेतलं, त्याने काय केलं ते सगळ्यांसमोर सांगितलं, बाबांची शिस्त सांगितली, आणि पर्समधून ठसा काढून बॉनेटवर ठेवला. सत्तावीस मार्च, स्वच्छ. काकांची सही.

तपासनिसाने तो कागद बराच वेळ बघितला. मग मला म्हणाला, "हा सुरुवातीलाच दाखवला असता तर मी एका ओळीत मूळ इंजिन म्हणून लिहिलं असतं. कोरी पट्टी मी दर महिन्याला बघतो. पण आता शिक्का तुमच्या वर्कशॉपचा खोटा आणि कागद तुमच्याच वर्कशॉपचा खरा, हे मी कसं लिहू? आणि तोही पकडले गेल्यावर बाहेर आलेला."

त्यानं लिहिलं ते खोटं नव्हतं. ब्लॉक त्या काळातला, शिक्का बनावट, मूळ इंजिन असल्याची खात्री देता येत नाही. डॉक्टरने दोन दिवसांनी नाही म्हणून कळवलं. अशा बातम्या त्या लोकांत लगेच पसरतात, त्यामुळे दुसरंही कुणी फिरकलं नाही. महिना संपला आणि तळमजल्याचं घर दुसऱ्या कुणाला गेलं.

त्यानंतर मावशीला गुडघ्यांच्या डॉक्टरकडे नेऊन आणलं तेव्हा मी तिच्याबरोबर जिना चढत होते. दुसऱ्या मजल्यावर ती पायरीवर टेकली. मी दादावर सुरू झाले. मदत करायला गेला आणि घर बुडवलं. असली मदत म्हणजे भीक नको पण कुत्रा आवर. आणि वर सगळ्यांसमोर मुखस्तंभ. तुला खोटारडी ठरवलं, काकांवर आळ आणला, तरी हूं का चूं नाही. मी कितीतरी वेळ बोलत होते.

मावशी गुडघा चोळत ऐकत राहिली. माझा दम संपल्यावर म्हणाली, "तो घाबरला. लहानपणापासून घाबरटच आहे. परवा येऊन रडून गेला." मग तिनं विचारलं, "कागद तुझ्या पर्समध्ये होता ना? मग मला दोनदा विचारलं तोवर तू कशासाठी थांबली होतीस?"

उत्तर मला माहीत होतं. दादा आपल्या तोंडाने कबूल करतो की नाही ते मला बघायचं होतं. आठ महिन्यांनी पहिल्यांदा तो माझ्यासमोर, चारचौघांत, खाली मान घालून उभा होता आणि मला ते पुरं बघायचं होतं. मावशी भिंत धरून उभी आहे, हे मला दिसत होतं.

हे मी तिला सांगितलं नाही. ती कठडा धरून उठली, उरलेला मजला चढायला लागली, आणि मी तिची पिशवी घेऊन मागून गेले.