दिग्विजयच्या नावावर माझं रक्त

अख्ख्या औंधात माझ्याइतका आनंदी माणूस दावा. परवा सरपंचाच्या बुलेटच्या सायलेन्सरात बटाटा कोंबला, अजून हसतोय. म्हणून म्हटलं, रक्त माझंच देऊ.

धाकटा भाऊ दिग्विजय फौजेत. सुट्टीवर आला तो बोलंनाच. जेवत न्हाई, झोपत न्हाई. सांगलीच्या एका लॅबमधी रक्तातल्या प्रथिनांवरनं डिप्रेशन वळखायची चाचणी बनवत्यात, इलाज बी करत्यात, असं कळलं. आईनं त्याला माझ्यासंगं गाडीवर धाडला. पर गडी गेटावरच अडला.

"दादा, पलटणीत कळलं तर मेडिकल कॅटेगरी खाली पडंल, अनफिट म्हणतील. घरी बसवतील."

"मग तू हितं च्या पी. तुझ्या नावानं मी जातो. माझं रक्त म्हंजे निस्ता उसाचा रस, रिपोर्ट झ्याकच येणार!"

आत नळी भरून रक्त घेतलं. वाटलं, सुटलो. तर डॉक्टर दीपालीबाई समोर बसल्या.

"नुसत्या रक्तावर अजून काही ठरत नाही. रक्त आणि उत्तरं जुळवून बघतो. झोप लागते?"

सोंग घ्यायचं तर पुरतं घ्यावं, ह्या नादात कॅटेगरीचं भानच सुटलं. दिग्विजयसारखीच मान खाली घातली. "न्हाई."

"जेवण जातं?"

"न्हाई."

"जगणं नको वाटतं? आपल्या वस्तू कुणाला देऊन टाकल्या?"

माझं ध्यान मनगटाकडं गेलं. सकाळी त्यानं आपलं घड्याळ माझ्या मनगटावर बांधलं हुतं. 'ऱ्हाऊ दे तुला,' म्हणला. मी येडा खूश झालो हुतो.

"बाई, मी तो न्हवं! तो भाईर हाय!"

भाईर च्यावाल्यानं गाडीची किल्ली पुढं केली. "तुमचा भाऊ देऊन गेला. दादाला द्या म्हणला."

फोन लावत पळालो. रिंग वाजतीय, उचलत न्हाई. "दिग्या! आरं दिग्या!" रस्त्यावर लोकं बघाय लागली. एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलेला दिसला. फोन हातात वाजत हुता आन् तो त्याच्याकडं निस्ता बघत हुता.

शेजारी बसलो. जल्मात पैल्यांदा एक चेष्टा सुचंना.

"दिग्या, मला लय भ्या वाटतंय रं."

"तुला?"

"व्हय. आत चल माझ्यासंगं."

"आन् कॅटेगरी?"

"पडू दे की. तू ऱ्हा म्हंजे झालं."

दीपालीबाई धापा टाकत आल्या. रक्ताचं नावच काढलं न्हाई. त्याच्या दुसऱ्या बाजूला पायरीवरच बसल्या. "घाई नाही. आपण बोलू."

लय वेळानं तो उठला. मी दंड धरला.

"सोड की दादा, दुखतंय."

"दुखू दे," म्हटलं. सोडला न्हाई.