बक्षिसाचं घड्याळ

लाबान चेलांगाला माती दिली, पाहुणे परतले, आणि मग त्याच्या वस्तू वाटायला घरची मंडळी अंगणात बसली. गाईंचं आधीच ठरलं होतं. कोट थोरल्या पुतण्याने घेतला, रेडिओ चुलतभावाने. पेटीच्या तळाशी एक जाडजूड पोलादी घड्याळ उरलं. मोठी काळी तबकडी, तिच्या पोटात आणखी तीन छोट्या तबकड्या, कडेला तीन कळा. लाबानचा धाकटा भाऊ बार्नाबा याने ते कानाशी नेलं, दोनदा हलवलं आणि लाबानच्या विधवेच्या, सलिनाच्या पुढ्यात टाकलं.

"बंद पडलंय. ठेव वहिनी तुला, आठवण म्हणून. नाहीतर दे नातवंडांना खेळायला."

सलिनाने ते उचललं आणि पदराआड धरावं तसं शालीत गुंडाळलं. घड्याळ तिचंच होतं. पण हे म्हणायची ती वेळ नव्हती, आणि खरं सांगायचं तर तसं म्हणायची सवयही तिला राहिली नव्हती.

सलिना तापकिगेन तरुणपणी धावायची. गावाकडच्या, केप्तारूच्या टेकड्यांवर तेव्हा मुली धावायला लागल्या की बायका दारात उभ्या राहून म्हणायच्या, हिच्या मागे काय बिबट्या लागलाय का! त्याच सलिनाने एकदा जपानात जाऊन दहा किलोमीटरची शर्यत मारली होती. बायकांची शर्यत, पण आयोजकांनी बक्षीस पुरुषी मापाचं आणलेलं. धावणाऱ्यांसाठीच केलेलं, सेकंदाचेही तुकडे मोजणारं घड्याळ. ती ते मनगटावर चढवून घरी आली, तर पट्टा कोपरापर्यंत सरकत होता.

"अगं, हे तुझ्या हाताला शोभतं तरी का?" नुकतंच लग्न झालेला लाबान हसून म्हणाला होता. "आण इकडे."

तिने दिलं. पुढच्या वर्षी पोर झालं, धावणं सुटलं, ती जवळच्या एल्डोरेट शहरातल्या इस्पितळात प्रयोगशाळेत कामाला लागली. लाबान कोच झाला. लाल मातीच्या मैदानाच्या कडेला तो उभा राहायचा आणि कळ दाबायचा. त्याच्या हाताखालची पोरं जगभर जिंकून आली, वर्तमानपत्रांत फोटो आले, आणि प्रत्येक फोटोत ते घड्याळ. लोक त्याला घड्याळवाला कोचच म्हणायला लागले. कोणी विचारलं, कुठून आणलं, तर तो म्हणायचा, "जपानचं आहे." खोटं नव्हतंच ते. फक्त अर्धं होतं.

माणूस वाईट नव्हता. सलिनाच्या आजारपणात त्याने तिला पाठीवर घेऊन चिखलाचा रस्ता पार केला होता, हे ती विसरली नव्हती. पण त्या एका बाबतीत त्याचं तोंड कधी उघडलं नाही, आणि तिनेही उघडायला लावलं नाही.

निवृत्त झाल्यावर सलिनाला घड्याळं दुरुस्त करण्याचा नाद लागला. आयुष्यभर सूक्ष्मदर्शकात डोळा घालून रक्ताचे थेंब पाहिलेले, त्यामुळे बारीक कामाला हात सरावलेला. इस्पितळाने मोडीत काढलेला एक सूक्ष्मदर्शक तिने घरी आणला. चर्चचं भिंतीवरचं घड्याळ, शेजाऱ्यांची मनगटी, जे सापडेल ते ती उघडायची. काही चालू व्हायची, काही कायमची मरायची. लाबान पाहुण्यांना सांगायचा, "आमच्या हिच्यापासून मनगट लपवा. बेडूक चिरतात तशी घड्याळं चिरते." हे मोठं घड्याळ बंद पडलं तेव्हा मात्र त्याने ते पेटीत टाकून कुलूप लावलं आणि प्लास्टिकचं नवं घेतलं. "हे तुझ्या टाचण्यांचं काम नाही," म्हणाला.

आता पेटीला कुलूप नव्हतं.

आधी ती एल्डोरेटला गिचुरूकडे गेली. त्याचं बाजारात घड्याळांचं दुकान होतं, दुरुस्तीचं सामानही तोच तिला द्यायचा. त्याने मागचं झाकण उघडलं, नाक मुरडलं आणि बंद केलं.

"मामा," तिकडे वयस्क बाईला म्हणतात तसं तो म्हणाला, "बॅटरी फुटून आतलं खाल्लंय तिने. ह्याचे भाग आता कोणी बनवत नाही. मी चिनी मशीन टाकून देतो, उद्या घेऊन जा. काटे फिरतील."

"छोट्या तबकड्यांतले?"

"ते आपले दिसायला."

"आणि कळा?"

"कळाही दिसायला. कोणाला कळतंय?"

"मला कळतंय ना," सलिना म्हणाली. "बाकी सगळं दिसायलाच असेल तर मग मी आरशातच बघते की. दे इकडे."

"सोन्याचं आहे का ते? क्वार्ट्झ आहे, मामा. क्वार्ट्झ कोणी दुरुस्त करत नाही, टाकून देतात!"

"तू टाक," म्हणत ती बाहेर पडली. पण त्याच्याकडून बारीक तार आणि एक नवी बॅटरी घ्यायला विसरली नाही.

खिडकीतल्या टेबलावर काम सुरू झालं. दुपारी खालच्या दरीतून उजेड वर चढतो, तेव्हा त्या खिडकीत दिव्याची गरज नसते. झाकणाखाली हिरवट-पांढरा क्षार साचला होता. लाकडाच्या काडीला लिंबाचा रस लावून तिने तो थोडा थोडा विरघळवला, मग स्पिरिटने पुसला. कळांच्या भोकांत तेल सुकून डांबर झालं होतं. आणि झाकणाच्या खाचेत मळ होता, काळा, घट्ट, नुसता माणसाचा. इतक्या वर्षांचा लाबानचा घाम. टोकदार काडीने तो खरवडताना तिचा हात थांबला. रडू आलं की राग आला, तिचं तिला कळेना. मग तिने शाल डोळ्यांना लावली, काडी बदलली आणि उरलेलाही खरवडून काढला.

नवी बॅटरी बसवली आणि खालच्या छोट्या तबकडीतला सेकंदकाटा टुक टुक करत निघाला.

राएल तेव्हा शेजारी बसून मक्याचे दाणे सोलत होती. राएल तिची जुनी मैत्रीण, एकाच शाळेतून धावलेली, आता गुडघे आणि जीभ दोन्ही कुरकुरणारी. ती ओरडली, "चाललं की गं! घाल हातात आणि चहा टाक."

सलिनाने वरची कळ दाबली. मधला लांब काटा, शर्यतीचा काटा, हलला नाही.

"अर्धंच चाललंय."

"वेळ दाखवतंय ना? म्हाताऱ्या बाईला आणखी काय हवं?"

"वेळ माझा फोनही दाखवतो. मला हे वेळ बघायला नव्हतं दिलं, राएल. मी धावले म्हणून दिलं होतं."

राएलने दाण्यांनी भरलेलं सूप खाली ठेवलं आणि उठून स्वतःच चहा टाकला. राएलच्या बाबतीत हे नवल होतं.

ह्या घड्याळात चार कॉइल, म्हणजे तारेच्या गुंडाळ्या होत्या, एकेका कामाला एकेक. वीज वाहते का ते दाखवणाऱ्या मीटरच्या सुया सलिनाने लावून पाहिल्या. तीन जिवंत होत्या, चौथी मेलेली. सूक्ष्मदर्शकाखाली कारणही दिसलं. केसाहून बारीक तांब्याची तार, आणि जिथे तिचं टोक जोडलेलं, नेमकं तिथेच क्षाराने ती कुरतडली होती. बाकी गुंडाळी धड होती. फक्त एक वेढा सोडवून टोक पुन्हा जागेवर डाख देऊन जोडायचं. फक्त! पहिल्यांदा तार तुटली. दुसऱ्यांदा डाख तारेवरच फुगून बसला. तिसऱ्यांदा वीज गेली आणि डाख द्यायच्या सोल्डरिंग आयर्नचं टोक हातात गार झालं. त्या आठवड्यात सलिना कोणाशी धड बोलली नाही. राएल म्हणाली, "तुझ्या घरी येण्यापेक्षा दातांच्या डॉक्टरकडे बसलेलं बरं."

पण एका दुपारी तार बसली. मीटरने आकडा दाखवला. सलिनाने मशीन घड्याळाच्या कवचात बसवलं, झाकण दाबलं, श्वास रोखून वरची कळ दाबली, आणि लांब काटा सुटला. थांबवला, थांबला. शून्यावर आणला, तर बारापासून जरासा पुढे जाऊन उभा राहिला. मग तिने कडेची, वेळ लावायची चावी बाहेर ओढून कळ एकेकदा दाबत दाबत त्याला नीट बारावर आणून उभं केलं.

राएल पहिल्यांदा ओरडली, मग नाचली, मग गुडघा धरून खाली बसली.

दुसऱ्या दिवशीपर्यंत ही बातमी गावभर झाली, त्यात राएलचा हात होताच. आणि रविवारी चर्च सुटल्यावर बार्नाबा आला. बरोबर नव्या मैदानाच्या समितीचे अध्यक्ष, गुळगुळीत बुटांचे, आणि पास्टर. सलिनाने चहा दिला, वाळक्या दुधीच्या भांड्यातलं आंबट दूध दिलं. घड्याळ तिच्या हातात होतं. पट्ट्याच्या कड्या तिने कमी केल्या होत्या, त्यामुळे ते आता सरकत नव्हतं.

"वहिनी," बार्नाबा गोड आवाजात म्हणाला, "दादाच्या नावाने मैदानावर दालन होतंय. काचेचं कपाट आणलंय. त्यात दादाचं घड्याळ ठेवायचं."

"दादाचं कुठलं घड्याळ?"

"हे काय, तुझ्या हातातलं."

"हे माझं आहे."

अध्यक्ष हसले. "अर्थात, मामा, आता तुमचंच. नवऱ्याचं ते बायकोचं."

"आता नाही. पहिल्यापासून. जपानातली शर्यत मी जिंकले, हे मला मिळालं. त्याने वापरलं."

बार्नाबाने चहाचा कप खाली ठेवला. "हे काय नवीन काढलंस? तू धावत होतीस ते कोणाला आठवतंय?"

"मला आठवतंय. धावणारी मी होते, मग आठवायचं काम आणखी कोणाला लावू?"

"मी तुला दिलं हे घड्याळ. माझ्या हाताने दिलं!"

"बंद होतं तेव्हा दिलंस, भावजी. पोरांना खेळायला दे म्हणालास. चालू झालं तशी तुला दादाची आठवण आली?"

पास्टरांनी घसा साफ केला. "बहिणी, गेलेल्या माणसाचा मान..."

"त्याचा मान मी ठेवते, पास्टर. कपाटात ठेवा घड्याळ, मी आज काढून देते. फक्त खाली असं लिहा की सलिना तापकिगेन हिने धावून जिंकलं आणि तिचा नवरा लाबान चेलांगा याने ह्यावर पोरं घडवली. दोघांची नावं. खोटं एक अक्षर नाही त्यात."

अध्यक्षांनी बार्नाबाकडे पाहिलं. बार्नाबा म्हणाला, "लोक हसतील. कोच बायकोचं घड्याळ घालत होता म्हणतील."

"घालत होता."

"वहिनी, घरात भांडण नको."

"भांडण नको म्हणूनच इतकी वर्षं गप्प बसले. आता ह्या घरात मी एकटी आहे. मी कोणाशी भांडणार? दूध घ्या आणखी."

दूध कोणी घेतलं नाही. जाताना बार्नाबा दारात म्हणाला, "बघतो मी." सलिना म्हणाली, "बघ. उजेड आहे अजून." आणि भांडी उचलायला लागली.  

मैदानाचं उद्घाटन झालं. सलिना राएलला घेऊन गेली. दालनात काचेच्या कपाटात लाबानचा मोठा फोटो होता, आणि त्याच्या खाली मखमलीवर एक कोरं करकरीत घड्याळ. चकचकीत, तबकडी निळी. खाली पाटी: कोच चेलांगा यांचं घड्याळ.

राएल काचेला नाक लावून म्हणाली, "फोटोत काळं, खाली निळं. मेल्यावर रंग बदलला वाटतं."

मागे उभ्या दोन पोरी फिस्सकन हसल्या. बार्नाबा समोरच होता. त्याने मान वळवली.

बाहेर भोंग्यावर घोषणा झाली, जुन्या धावपटूंनी मानाची एक फेरी मारावी. पोट सुटलेले सात-आठ पुरुष रेषेवर आले. बायकांना कोणी बोलावलं नव्हतं. सलिनाने चपला काढल्या आणि राएलच्या हातात हात घातला.

"वेडी आहेस का? माझे गुडघे!"

"गुडघे मागून येतील. तू चल."

दोघी रेषेवर उभ्या राहिल्या. भोंगेवाला गोंधळला. "मामा, जरा बाजूला. ही फेरी धावपटूंची आहे."

"म्हणूनच आलोय," सलिना म्हणाली. पिस्तूल वाजलं आणि तिने कळ दाबली.

पुरुष पुढे गेले, जाऊ देत. सलिना आपल्या चालीने निघाली, शाल कमरेला खोचून, कोपर अंगाशी धरून. अर्ध्या फेरीवर एक पोटवाला बरगडी धरून थांबला होता, त्याला तिने मागे टाकलं तेव्हा बायकांच्या बाजूने अशी किलकारी उठली की भोंगा ऐकू येईना. शेवटच्या वळणावर भोंगेवाला सांगू लागला, "आणि ह्या आहेत कोच चेलांगा यांच्या पत्नी..."

"सलिना तापकिगेन!" ती धावता धावताच ओरडली. धाप लागली होती, आवाज फाटला, पण पोचला. "नाव घे नीट! सलिना तापकिगेन!"

दोन-तीन म्हाताऱ्यांनी ते उचललं, मग बाकीच्या बायकांनी. भोंगेवाल्याला शेवटी म्हणावंच लागलं.

तिने रेषेवर कळ दाबली. राएल बऱ्याच वेळाने चालत आली.

"किती लागला?"

सलिनाने मनगट दाखवलं. राएल डोळे बारीक करून म्हणाली, "अरे देवा. एवढ्यात तर मका शिजतो."

त्यानंतर बार्नाबा बरेच महिने तिच्या दाराशी आला नाही. पाटी अजून तशीच आहे, निळं घड्याळही. पाटी बदला म्हणून सलिना कोणाच्या पाया पडली नाही. ती सकाळी लाल मातीच्या जुन्या मैदानावर जाते. तिथल्या मुली वेळ घ्यायला घड्याळ मागतात. ती हातातून काढत नाही. "हे उतरत नसतं," म्हणते, "तुम्ही धावा, कळ मी दाबते." आणि कोणी आळस केला तर मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल अशी शिवी हासडते.