मंजुषाच्या पोटातलं माझं घराणं

मित्रांनो, मी एक जुनी बाई आहे, पण मला हात नाहीत, पाय नाहीत आणि नुसत्या डोळ्यांनी मी कोणाला दिसतही नाही. मी माणसाच्या आतड्यात राहते. तुम्ही मला जंतू म्हणता आणि नाक मुरडता. मुरडा. तुमच्या पणजीच्या पोटात माझं बिऱ्हाड होतं, तेव्हा तुमचा पत्ताही नव्हता.

माझं एकटीचं आयुष्य एवढंसं. पण बघता बघता माझ्या एकीच्या दोघी होतात, दोघींच्या चौघी, म्हणून साऱ्या घराण्याच्या वतीनं मीच बोलते. आंजी गावच्या आनंदाबाईला मंजुषा झाली, त्याच घटकेला मी मायकडून लेकीकडे आले. माझं बारसं कोणी केलं नाही. मी आपली कामाला लागले.

काम म्हणजे काय, तर भाकरीतला जो कोंडा मंजुषाला पचत नाही तो मी खायचा, बरबटीच्या, म्हणजे चवळीच्या, उसळीतली सालं मी खायची आणि बदल्यात आतड्याला पोसायचं. वाईट जंतू आले तर त्यांना टेकू द्यायचं नाही. आणखीही एक काम आहे. पोटापासून डोक्यापर्यंत एक लांब नस जाते. आम्ही खाली जे रांधतो त्याचे निरोप त्या नसेनं आणि रक्तातून वर पोचतात. खाली भांडण असलं तर वर झोप लागत नाही, जीव घाबराघुबरा होतो. मन काही मी एकटी घडवत नाही. पण त्यात माझाही वाटा आहे, आणि तो मला आजवर कोणी दिला नाही.

२००३ च्या दिवाळीनंतर मंजुषाला सर्दी-खोकला झाला. ती बारावीला होती, एसटीनं आर्वीच्या कॉलेजात जायची. तिचा बाप चंद्रभान मेडिकलवर गेला आणि शेजारच्या कवडूला जंतू मारायच्या ज्या कॅप्सूलनं आराम पडला होता, तीच मागून आणली. कवडूला झालं काय होतं, हे विचारलं? नाही. खोकला तो खोकला. आराम वाटला की कॅप्सूल बंद, पुन्हा शिंक आली की चालू. साधी सर्दी, आपोआप गेली असती. तिच्यापायी माझ्या लेकी, नाती, पणत्या मेल्या. मोहल्लेच्या मोहल्ले ओसाड पडले आणि वर कोणाला खबरही नाही.

मग मंजुषाचं पोट फुगायला लागलं, ढाळ लागले, झोप उडाली. पुस्तक उघडलं की डोळ्यांत पाणी, आणि कारण विचारलं तर सांगता येईना. घरातल्या सगळ्यांनी तिच्या डोक्याकडे पाहिलं. पोटाकडे एकानंही पाहिलं नाही. शेजारणी तर तिच्यासमोरच म्हणाल्या की जास्त शिकून पोरीचं डोकं फिरलं.

आणि आनंदाबाईनं उपाय काय काढला? उपास. सोमवार शंकराचा, गुरुवार लक्ष्मीचा, शनिवार मारुतीचा, आणि सगळे पोरीकडून करून घेतले. साबुदाणा आणि चहा. अगं बाई, ज्या मूठभर आम्ही वाचलो होतो त्यांच्या तोंडचा घास तूच काढलास. मायेनं काढलास म्हणून माझा राग काय कमी होतो?

चंद्रभाननं ठरवलं की शिक्षण आता बंद. कॉलेजातून नाव काढायला तो तिला घेऊन आर्वीला निघाला. वाटभर ती खिडकीकडे तोंड करून होती.

"बाबा, परीक्षेले बसू द्या मले," एवढंच ती एकदा म्हणाली.

"पयले डोकं ठिकाण्यावर आन," चंद्रभान म्हणाला.

डेपोत उतरताच ती गरगरून खाली बसली. तेव्हा कुठे माणूस घाबरला आणि तिला जवळच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला.

बाईंनी बापाला गप्प बसवलं आणि पोरीलाच विचारलं, काय खातेस, झोप लागते का, औषधं कोणती घेतलीस. कॅप्सूलचं ऐकून त्यांनी चंद्रभानला असं झापलं की बाहेर बसलेले पेशंट चिडीचूप झाले. मग म्हणाल्या, "हिला वेड लागलेलं नाही. पोट बिघडलंय आणि मन थकलंय. दोन्हीचा इलाज करू. उपास बंद. आणि नाव काढायचं नाही." माझ्या घराण्याची माहिती तेव्हा डॉक्टरांनाही फारशी नव्हती. तरी त्या बाईनं पोट आणि मन एकाच माणसाचं आहे, हे धरलं.

बापलेक घरी आले तर गुरुवारची पूजा मांडलेली, साबुदाणा भिजलेला. उपास सोडायचा म्हटल्यावर आनंदाबाई हादरली.

"वरत मोडलं तं पाप कोनाले लागन?"

मंजुषा आजवर मायला उलटून बोलली नव्हती. ती चुलीपाशी बसली.

"मले लागू दे, माय. देवीले सांगजो, पोरीनं मोडलं. पन मले भाकर दे."

आनंदाबाईनं पूजेपुढे हात जोडले. मग तिनं जवारीचं पीठ काढलं. भाकर थापता थापता ती देवीची माफी मागत होती. लेकीची मागितली नाही.

मित्रांनो, एका भाकरीनं मन बरं होत नाही. भाकर, बरबटी, ताक, बाईंच्या गोळ्या, बाईंशी बोलणं, सगळं लागलं आणि महिने लागले. माझं घराणं हळूहळू वाढलं, पण काही शाखा बुडाल्या त्या बुडाल्याच. मंजुषा परीक्षेला बसली. एक विषय राहिला, तो तिनं ऑक्टोबरात काढला. चंद्रभान मात्र अजून लोकांना सांगतो की पोरीला नजर लागली होती.

विनंती करणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून बजावते. डॉक्टरनं तपासून औषध दिलं तर ते सांगितल्याप्रमाणे पुरं घ्या. तुमचा जीव वाचत असेल तर माझ्या लेकी गेल्या तरी मी ब्र काढणार नाही. पण शेजाऱ्याच्या खोकल्याची कॅप्सूल आपल्या पोटात टाकू नका. आणि घरात कोणी गप्प बसून रडायला लागलं, तर त्याच्या डोक्याला नावं ठेवण्याआधी त्याच्यापाशी बसा. जेवलास का, झोपलास का, ते विचारा. आणि त्याचं सांगून होईपर्यंत उठू नका.